भूल उतरल्यावर: पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आपण ॲक्युपंक्चर शिबिराचं उद्घाटन केलंत. तिसऱ्या रांगेत पोटाशी उशी धरून बसलेला म्हातारा मीच. उशी अशासाठी, की २२ दिवसांपूर्वी त्या मंडपापासून पन्नासेक पावलांवर माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि टाके अजून ओढतात.

आपलं भाषण चांगलं झालं. पडद्यावर चीनची फीत दाखवलीत. छाती उघडलेली तरुण मुलगी, अंगाला टोचलेल्या सुया, आणि ती जागी. मग आपण म्हणालात, "तिकडे सुईवर हृदय उघडतात, आणि आपण इथे भूलतज्ज्ञ नाही म्हणून रडत बसतो." टाळ्या पडल्या. माझे दोन्ही हात उशीवर होते, म्हणून माझ्या राहून गेल्या.

रडणारा मीच होतो, साहेब. तेव्हा कसा रडलो ते ऐकूनच घ्या.

सकाळी ११ वाजता बाहेरून बोलावलेले भूलतज्ज्ञ आले. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले. चिमटा काढून विचारलं, "लागतंय का काका?" म्हटलं, नाही. अर्धा तास थांबले आणि शेजारच्या तालुक्यात सिझर अडलंय म्हणून निघाले. त्यांच्यावर माझा राग नाही. एक माणूस सात-आठ दवाखाने सांभाळतो, केसमागे मिळणारे पैसे त्याला सहा-सहा महिने मिळत नाहीत. ते गेटबाहेर पडले आणि लाइट गेली. जनरेटर आहे, त्यात डिझेल नव्हतं. कॅन घेऊन पाठवलेला शिपाई पाऊण तासाने आला, कारण मागची उधारी थकली म्हणून पंपवाला देईना. तोवर टेबलावर मी आणि वर छताला ओल आलेला डाग. चीर पडायला सव्वाबारा वाजले. हर्निया जुना, आत चिकटलेला, वेळ लागला. दीडच्या सुमारास मला माझ्या पायाची बोटं हलताना कळली.

कातडीचं फारसं दुखलं नाही, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी घाईघाईने जागेवर बधिर करायचं औषध टोचलं. पण आतून ओढतात ना, ते! बेंबीच्या मागे दोर बांधून कोणी मोट ओढावी तसं. उमासे येत होते, घाम डोळ्यांत जात होता. सिस्टरने माझ्या तोंडात टॉवेलाची घडी दिली आणि स्वतः तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणत होते, "पाचच मिनिटं, काका." ती पाच मिनिटं ४० मिनिटं चालली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, आणि मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. वेळेत मला कोणी फसवू शकत नाही.

बाहेर बाकावर बायको होती. तिने माझा आवाज ऐकला. ती अजून रात्री उठून मला हलवून बघते.

आता आपल्या फितीबद्दल. माझा भाचा पुण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ आहे. त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. शांघायची ती फीत बीबीसीने २००६ साली दाखवली होती. त्या मुलीला सुयांच्या जोडीला मिडाझोलॅम, ड्रोपेरिडॉल आणि फेंटानिल दिलेलं होतं, म्हणजे गुंगीचंही आणि वेदनेचंही औषध. वर छातीत बधिर करायची इंजेक्शनं भरपूर. त्यावरून तेव्हाच विलायतेत टीकेची झोड उठली होती. आपल्या पडद्यावर सुया दिसल्या, सलाइनची नळी कोणी दाखवली नाही.

वक्त्यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही नाव घेतलं, जणू सुयांवरची ऑपरेशनं त्यांनीच शिकून घेतली होती. माझं आजोळ सोलापूरचं, कोटणीसांच्याच गावचं, त्यामुळे हे मला जास्त लागलं. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते शल्यविशारद होते, रणभूमीवर हाडं-मांस कापून माणसं वाचवत होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. सुयांवर ऑपरेशन करायला चीनमध्ये सुरुवात झाली १९५८ साली, शांघायला, टॉन्सिल काढण्यापासून. मधे १६ वर्षं गेलेली! ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं ते कोटणीसांचे सोबती डॉ. बिजॉय बसू यांनी, तेही कोलकात्याला. मेलेल्या माणसाच्या नावावर वाटेल ते खपवायचं, त्याला उठून खुलासा थोडाच करता येतो.

ती अमेरिकन पत्रकाराची गोष्टही सांगितलीत. जेम्स रेस्टन, १९७१, पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) अपेंडिक्स. त्याचं ऑपरेशन सुईवर झालं असं आपण सांगितलंत. नाही झालं, साहेब. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की पोट नेहमीच्या इंजेक्शनने बधिर केलं होतं. सुया टोचल्या नंतर, पोट फुगून कळा येत होत्या म्हणून, आणि त्याने बरं वाटलं. त्याच वर्षी चीन सरकारने जाहीर केलं की सुईच्या भुलीवर ४ लाख ऑपरेशनं झाली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा, धरपकडीचा काळ तो. दुखलं म्हणायची कोणाची टाप होती?

चिनी डॉक्टर मात्र आपल्यापेक्षा प्रामाणिक निघाले. या पद्धतीचे तीन अडथळे त्यांनीच सांगितले: दुखणं पुरतं थांबत नाही, पोटाचे स्नायू सैल पडत नाहीत, आणि आतल्या अवयवांना ओढ बसली की रोगी कळवळतो. भाच्याने तिसरा अडथळा वाचून दाखवला तेव्हा मी फोन बायकोकडे दिला. म्हणून तर ते रोगी पारखून घेत, आधी औषध देत, पोटापेक्षा गळ्याची गाठ बरी म्हणत. आणि डोक्याशी भूल देणारा बसलेलाच असे, सुई कमी पडली तर पुढचं बघायला. तो माणूस भूल देऊन दुसऱ्या तालुक्याला जात नसे.

सुईशी माझं भांडण नाही. १९९७ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ती उपयोगी पडते. मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं वर जागा आहे म्हणे. त्या दिवशी कोणी टोचली असती तर मी पाया पडलो असतो. राज्याने २०१५चा ॲक्युपंक्चर कायदा केला, केंद्राने २०१९ला मान्यता दिली, शिकलेली माणसं आहेत, त्यांना जरूर बसवा. पण चालक मिळत नाही म्हणून लिंबू-मिरची बांधून कोणी गाडी घाटात सोडत नाही.

हे थिएटर आपणच उघडलंत, अडीच वर्षांपूर्वी. "तीन महिन्यांत कायमचा भूलतज्ज्ञ देतो", हे आपले शब्द, माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पद किती वर्षं रिकामं आहे? एक क्लार्क सात सांगतो, दुसरा नऊ. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तर आलं, "सदर पद भरण्याची कार्यवाही प्रगतिपथावर आहे." आमच्या डेपोत गाडी प्रगतिपथावर आहे म्हटलं तर ती निदान फाट्यावर तरी दिसायची. सिव्हिल इथून ६२ किलोमीटर. गुगल ५४ म्हणतो, गुगल त्या रस्त्याने गेलेला नसावा. तालुक्यात दोन-अडीच लाख लोक असतील. त्यांतल्या कोणाचंही पोट रात्री दुखायला लागलं तर कोणाची गाडी मिळेल यावर त्याचं नशीब.

इमारतीला पैसा मिळतो, कारण इमारतीवर पाटी लागते. यंत्राला मिळतो, यंत्राला हार घालता येतो. डिझेलच्या कॅनला हार कोण घालणार? माणसाच्या पगाराची कोनशिला कशी बसवणार? आपल्या स्वागताचे फ्लेक्स मी मोजले, फाट्यापासून मंडपापर्यंत ३७. एकाच्या खर्चात जनरेटर दोन दिवस चालला असता. आणि आपला गुडघा बदलला तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात आपण सुया टोचून घेतल्यात का? पेपरात तसं काही आलं नव्हतं.

मागणं फार नाही. पद भरा. भरेपर्यंत थिएटरच्या दारावर रोज खडूने लिहा, आज भूल देणारा शेवटच्या टाक्यापर्यंत थांबणार की नाही. आम्ही वाचून ठरवू, टेबलावर चढायचं की घरी जायचं.

माझं उजव्या बाजूचं झालं. डावीकडेही सुरुवात आहे असं सोनोग्राफीवाला म्हणतो. पुढच्या महिन्यात या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बायकोने तो कागद कुठे ठेवलाय ते ती मला सांगत नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक