‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी चिप तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घाटंजी तालुक्यातील एका गावात मी सहा वर्षांपासून सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा ही सारी कामे एकाच लॅपटॉपवर होतात. गेल्या जुलैमध्ये खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना तो लॅपटॉप बंद पडला आणि तालुक्याच्या ठिकाणी मला सांगण्यात आले, ‘ताई, बोर्ड गेला, चौदा हजार लागतील.’ बोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधली मुख्य सर्किटची पाटी (मदरबोर्ड), गेला नव्हता. हा अनुभव माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या संध्याकाळी वादळी पाऊस होता. काम आटोपून मी नेहमीप्रमाणे ‘अपडेट करून बंद करा’ हा पर्याय निवडला. विंडोजच्या अपडेटमधून आता बायॉसचे, म्हणजे यंत्राला पहिला श्वास देणाऱ्या फर्मवेअरचे, अपडेटही येते, हे मला ठाऊक नव्हते. काळ्या पडद्यावर पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि लाइन गेली. साठ टक्के दाखवणारी जुनी बॅटरी दोन मिनिटांत बसली. लाइन परतल्यावर बटण दाबले, तर पंखा जोराने फिरू लागला, ‘फर्मवेअर दुरुस्त होत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, पट्टी शेवटपर्यंत गेली, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि तीच ओळ पुन्हा आली. मध्यरात्रीपर्यंत मी अकरा वेळा ती पट्टी भरताना पाहिली.

असे का होते, हे मला नंतर यवतमाळच्या एका तरुण कारागिराने समजावून सांगितले. फर्मवेअर हार्ड डिस्कवर नसते. ते बोर्डावरच्या, तुरीच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या, आठ पायांच्या एका चिपमध्ये असते. अपडेटच्या मध्येच वीज गेली की तिथला मजकूर अर्धा नवा आणि अर्धा जुना राहतो. बऱ्याच नव्या यंत्रांत सुरू होतानाच तो मजकूर तपासला जातो आणि तो बिघडलेला दिसला की राखीव प्रतीवरून दुरुस्ती सुरू होते. ती राखीव प्रतच बिघडलेली असेल, किंवा डिस्कवर पडून राहिलेली अपडेटची फाइल यंत्र पुन्हापुन्हा उचलत असेल, तर दुरुस्ती कधीच पूर्ण होत नाही. म्हणजे बोर्ड शाबूत, डिस्कवरचे कामही शाबूत, आणि अडलेला असतो तो चिपमधला काही मेगाबाइटांचा मजकूर.

त्याने आधी चार्जर काढला, बॅटरीची वायर सोडवली, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि डिस्क बाजूला काढून ठेवली. मग दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या माझ्या मॉडेलची बायॉस फाइल उतरवून ती एफएटी३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घेतली. घरी मी केलेला प्रयत्न इथेच फसला होता, कारण माझा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सएफएटी या दुसऱ्या पद्धतीचा होता. यापुढची बटणे कंपनीगणिक बदलतात. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावतात, तर एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी दाबून पॉवरचे बटण धरतात. अनेक यंत्रे एवढ्यानेच उठतात. माझ्या यंत्राने मात्र पेन ड्राइव्ह वाचलाच नाही. त्याचा दिवा एकदाही लुकलुकला नाही.

तेव्हा त्याने चिपवर क्लिप लावली आणि प्रोग्रामर नावाच्या छोट्या उपकरणाने तिच्यातला मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती जुळतात हे पाहून, तो जपून ठेवला. ही पायरी कोणालाही गाळू देऊ नये, कारण यंत्राचा सिरीयल नंबर आणि अनेकदा विंडोजच्या परवान्याची किल्लीही त्याच मजकुरात असते. चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, हेही त्याने तिच्यावरचा क्रमांक वाचून आधी ठरवले; चुकीच्या व्होल्टेजने चिप जळू शकते. मग त्याने चिपमध्ये दुरुस्त मजकूर लिहिला आणि दोन तासांनी कंपनीचे चिन्ह पडद्यावर आले. खर्च आला बाराशे रुपये.

त्यानंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी किल्ली मागितली आणि मी खऱ्या अर्थाने घाबरले. फर्मवेअर बदलले की ही किल्ली मागितली जाऊ शकते, आणि ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. माझे खाते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने त्याच्याच ईमेलवर उघडून दिले होते. त्या मुलाला ते खाते आठवले, म्हणून गावातल्या शेतकऱ्यांच्या पावत्या वाचल्या. ज्यांचे खाते असे दुसऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी ही किल्ली आजच कागदावर उतरवून घ्यावी.

कारागिरांना मी दोष देत नाही. आमच्या तालुक्यात क्लिप आणि प्रोग्रामर कोणाकडे नाही आणि ते शिकवणारेही कोणी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या संगणक हार्डवेअरच्या अभ्यासक्रमात या कामाचा प्रत्यक्ष सराव करून घ्यावा, ही माझी मागणी आहे. कंपन्यांना विनंती अशी की बायॉसचे अपडेट इतर अपडेटांत मिसळू नये, त्यासाठी वेगळी परवानगी विचारावी आणि पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करण्याची कृती, बटणांसह, मराठीत छापून लॅपटॉपच्या खोक्यात द्यावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आहे. ही कृती तिथेही प्रत्येक मॉडेलनिहाय मराठीत मिळावी.

आपली नम्र,
एक सेवा केंद्र चालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ