'हॉटेल लाइन' हलकी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यात घरोघरी इंजिनिअरिंग, फार्मसी नाहीतर स्पर्धा परीक्षा यांचीच चर्चा. एखाद्या मुलीने हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलंच, तर 'एवढं शिकून लोकांच्या उष्ट्या प्लेटा उचलणार का?' असं तिला ऐकवलं जातं. माझी सगळी नोकरी याच लाइनीत झाली, आधी हॉटेलात आणि मग क्लबात, म्हणून हे बोल फार लागतात. महाबळेश्वर, पाचगणी आणि कास ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलांनी तरी हे ऐकून घ्यावं लागू नये.

क्लबचं काम तर लोकांना फारसं ठाऊकच नाही. हॉटेलातला पाहुणा दोन रात्री राहून जातो. क्लबातला सभासद वर्षानुवर्षं येतो, पुढे त्याची नातवंडं येतात. कोणाला चहा बिनसाखरेचा लागतो, कोणाचे गुडघे दुखतात म्हणून जिन्यापासची खोली द्यायची, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. शिवाय सभासद हेच मालक. त्यांनी निवडलेली समिती धोरण ठरवते, ती ठरावीक मुदतीने बदलते. रोजचा गाडा ओढायला सेक्रेटरी किंवा मॅनेजर असतो. त्याला भटारखान्याइतकाच ताळेबंद कळावा लागतो. पोहण्याच्या तलावाचं पाणी, टेनिस कोर्ट, वार्षिक सभेचं इतिवृत्त, मद्याचा एफएल-४ परवाना आणि उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवह्या, सगळं त्याच्याच गळ्यात. बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. अशा संस्था एवढी वर्षं टिकल्या त्यात पगारी माणसांचा वाटा मोठा आहे. महाबळेश्वरातही इंग्रजांच्या काळातला क्लब आजही चालू आहे.

कामातली जबाबदारी कशी असते, त्याचा एक नमुना सांगतो. सकाळी घाट चढून पनीरचा क्रेट येतो. घेणाऱ्याने आधी थर्मामीटर खुपसून बघायचं. थंड पदार्थ पाच अंशांच्या वर जाता कामा नये, गरम पदार्थ साठच्या खाली उतरता कामा नये. पनीर कोमट लागलं तर तो क्रेट तसाच परत जातो, मग पुरवठादार कितीही ओळखीचा असो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा न डगमगता 'माल परत' म्हणतो, तेव्हा शंभर माणसांच्या पोटाची काळजी त्याने घेतलेली असते. यात कमीपणा तो कसला?

कष्ट आहेत, ते लपवणार नाही. दिवाळी-नाताळात सगळे सुट्टीवर, आपण ड्युटीवर. ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी काम अन् मधे सुट्टी अशा पाळीत, दुपारचे चार तास धड घरचे नाहीत, धड कामाचे नाहीत. पण जो हाऊसकीपिंगपासून स्टोअरपर्यंत सगळीकडे राबला, तो पुढे अडत नाही. एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा देऊन सरकारी संस्थांत प्रवेश मिळतो. मुंबईत दादरची सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासून आहे. खासगी कॉलेज निवडताना पालकांनी इमारतीला भुलू नये. ट्रेनिंग किचन रोज पेटतं का आणि मुलांना इंडस्ट्रियल ट्रेनिंगला कुठे पाठवतात, एवढं आधी विचारावं.

हॉटेलमालकांनाही एक कळकळीची विनंती. सीझनपुरती पोरं घ्यायची आणि पाऊस लागला की घरी पाठवायची, हे थांबवा. जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या किती घरांतली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्या मुलांना बारमाही नोकरी आणि पीएफ मिळाला, तर ती इथेच राहतील. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात. तेव्हा जिल्ह्यातल्या ज्युनिअर कॉलेजांची मुलं बोलवा, त्यांना मागच्या दाराने भटारखान्यात, लाँड्रीत, स्टोअरमध्ये न्या आणि तिथल्या माणसांशी बोलू द्या. शक्य तर त्यांच्या आईवडिलांनाही सोबत बोलवा.

आपला,
एक निवृत्त क्लब व्यवस्थापक, सातारा