कॅम्पर व्हॅनमध्ये खिडक्या बंद करून झोपू नका

संपादक महोदय,

ऐन थंडीत कॅम्पर व्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन मनाली, स्पिती, लडाखकडे जाणारी मराठी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. त्यांना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : फटी बुजवा आणि हीटर लावा. हा सल्ला अर्धवट आहे, प्रसंगी जिवावर बेतणारा आहे.

अशा गाडीत खरा त्रास ओलीचा. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासा-घामातून अर्धा लिटरभर पाणी हवेत सोडतात. गॅस जाळला तर किलोमागे दीड लिटरहून अधिक पाण्याची वाफ होते. ती काचांवर, ॲल्युमिनियमच्या चौकटींवर आणि गादीखाली जाऊन पाणी धरते. अंथरूण दमट झाले की ऊब राहत नाही, म्हणून गॅसचा हीटर वाढवला जातो आणि ओल आणखी वाढते. त्यामुळे बर्फ पडत असला तरी छताची झडप आणि दुसऱ्या टोकाची खिडकी बोटभर उघडी हवी. गादीखाली लाकडी पट्ट्या घालाव्यात, भिंतीपासून ती दोन बोटे दूर ठेवावी. ओले बूट-जॅकेट दाराशीच राहू द्यावेत.

सिगडी किंवा गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी आत पेटवू नये. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो कळतही नाही. त्यापेक्षा डिझेल हीटर घ्यावा. तो जळणासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त कोरडी गरम हवा येते. लहान व्हॅनला 2 किलोवॅटचा पुरतो. मात्र तो रात्रंदिवस मंद ठेवला तर आत काजळी धरते, म्हणून रोज थोडा वेळ पूर्ण जोरात चालवावा. बंद करताना बटणानेच करावा. बॅटरीची तार काढली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेले भाग खराब होतात. धुराड्याचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे झोपण्यापूर्वी बाहेर उतरून पाहावे. एवढे करूनही उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

इंधनाचेही पाहावे लागते. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायुरूप होत नाही. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये तोच जास्त असल्याने कडाक्याच्या थंडीत ज्योत मंदावते. मैदानातल्या डिझेलमध्ये मेण धरून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी आणलेले हिवाळी डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहते, तेव्हा वर चढताना टाकी कमी ठेवून तिथेच भरावी. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, ती गाडीच्या आतच बसवलेली असावी. मुक्कामी पोचल्यावर पाण्याची टाकी, पंप आणि नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात.

गाडी भाड्याने देणाऱ्यांना अलार्म बसवण्याची आणि धुराड्याचे सांधे दर हंगामाआधी तपासून घेण्याची सक्ती व्हावी. तोवर ग्राहकांनी पैसे भरण्यापूर्वी अलार्मचे चाचणीचे बटण स्वतः दाबून पाहावे.

— एक वाचक, पुणे