मापुचेंची भाषा आणि आपली घाई

संपादक महोदय,

चिलीतल्या मापुचे या मूळनिवासी लोकांच्या मापुदुंगुन भाषेबद्दल लिहिताना सगळे "भाषा मरतेय, वाचवा" एवढंच लिहितात, पण त्या लोकांना काय वाटतं ते कोण विचारतंय? २०१७ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोकांनी स्वतःला मापुचे म्हणवलं, भाषा येणारे मात्र त्यातले थोडेच, कारण आधीच्या पिढ्यांनी शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला, टिंगल सोसली, मग आपल्या पोरांच्या वाट्याला ते नको म्हणून घरात स्पॅनिशच सुरू केलं. याला अनास्था म्हणायचं? मला तर ती माया वाटते.

आणि अभिमान म्हणाल तर २००६ ला मायक्रोसॉफ्टने मापुदुंगुनमध्ये विंडोज आणलं तेव्हा काही मापुचे पुढारी आम्हाला न विचारता आमची भाषा कशी घेतली म्हणून थेट कोर्टाची पायरी चढले! (आपण मराठी कीबोर्ड आला तरी खूश.) अक्षरं रोमनच, पण स्पेलिंग कुठल्या पद्धतीने करायचं यावरूनही त्यांच्यात वाद आहेत. २०२१ मध्ये एलिसा लोंकोन ही मापुचे बाई चिलीची नवी राज्यघटना लिहिणाऱ्या समितीच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा भाषणाची सुरुवातच त्यांनी "मारी मारी" (म्हणजे त्यांच्या भाषेत नमस्कार) म्हणून केली, आणि ते अख्ख्या देशाने टीव्हीवर ऐकलं.

– एक वाचक, सातारा