साहेब, राज्य पुरस्कारांत रॉकवाल्यांसाठी पण एक विभाग काढा की

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब नमस्कार,

मी लातूरचा, बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवून घर चालतं आणि बाकीच्या वेळात आमची स्वतःची गाणी चालतात, रॉक आहेत, मराठीत आहेत, पण सरकारदरबारी त्यांना अजून नावच नाही, त्यासाठी हे पत्र लिहायलोय.

राज्य सांस्कृतिक पुरस्कारांत कंठसंगीत आहे, वाद्यसंगीत, नाटक, तमाशा, शाहिरी, कीर्तन, लोककला, सगळं आहे आणि असायलाच पाहिजे. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव मिळतो हे तर मला लई आवडतं, कारण याच तमाशाला नाकं मुरडणारे एके काळी कमी नव्हते. मग गिटार-ड्रमवाल्यांनीच काय घोडं मारलंय?

तुमचे अधिकारी म्हणतील वाद्यसंगीतात बसवा. नाही बसत साहेब. तिथं एक कलाकार असतो आणि त्याची साधना. रॉकमध्ये गाणं लिहिणारे, चाल लावणारे आणि वाजवणारे तेच चौघं असतात, ड्रमची किक आणि माझा बेस एका वेळी पडला नाही तर गिटारवाला कितीही बोटं फिरवू दे, गाणं उभंच राहत नाही. एकाला शाल-श्रीफळ दिलं तर बाकीचे तिघं दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला यायचे नाहीत, खरंच सांगतो. अमेरिकेत रॉकमधल्या मोठ्या नावांचा मान करणारं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम आहे, तिथं अख्खेच्या अख्खे बँड घेतात, फक्त पहिलं रेकॉर्डिंग येऊन 25 वर्षं झालेली पाहिजेत. आपल्याकडं ही अट दहा वर्षांची करा, कारण इथं एक जण आयटीत पुण्याला जातो, एकाचं लग्न होतं, ड्रमरला शिक्षक भरतीचं पत्र येतं. 25 वर्षं टिकलेला बँड मराठवाड्यात सापडला तर त्याला डायरेक्ट महाराष्ट्र भूषण द्या, आमची हरकत नाही.

गंमत अशी की आपलं विद्यापीठ याला कला मानतं. युवक महोत्सवात वेस्टर्न व्होकल सोलो असतं, वेस्टर्न ग्रुप साँग असतं, वेस्टर्न वाद्याचा सोलो असतो. नांदेडला काय, संभाजीनगरला काय, पोरं घसा बसेपर्यंत तयारी करतात, नंबर आला की ट्रॉफी, सर्टिफिकेट, प्राचार्यांसोबत फोटो, पेपरात नाव. डिग्री झाली की खेळ खलास, कारण कॉलेजच्या गेटबाहेर तोच पोरगा पुन्हा ज्यात उभा राहील असा विभागच राज्यात नाही.

एका ऑफिसात (नाव घेत नाही, बिचारा तो साहेबही वरून आलेला फॉर्मच भरत होता) कलाकार म्हणून अर्ज द्यायला गेलो. कलाप्रकारासमोर रॉक लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "म्हणजे डीजे का?" म्हणलं नाही सर, आम्ही हातानं वाजवतो. "मग बँजो पार्टी लिहा ना." आता बँजो पार्टीला मी कधीच कमी लेखणार नाही, भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या ड्रमरचा हात बसला तो तिथंच. पण ते वेगळं, हे वेगळं. शेवटी 'इतर' लिहिलं. मग पुढचा रकाना, मिळालेले पुरस्कार व पुरावे जोडणे. विभागच नाही तर पुरस्कार आणू कुठून?

म्हणून म्हणतो, आम्हाला मिरवायचं नाही, कागद पाहिजे. त्या कागदावर हॉलवाला भाडं कमी करतो, पोलीस परवानगी देताना नीट बोलतात, म्हातारपणी कलावंत मानधनाचा अर्ज टाकायला आधार होतो, आणि घरचे "हे गिटार कधी सोडणार" असं विचारायचं जरा थांबतात.

केंद्रानं हे कधीच केलंय. गोव्याचे पॉप-रॉक गायक रेमो फर्नांडिसना 2007 ला पद्मश्री, मणिपूरचे रुबेन माशांगवा, जे नागा लोकसंगीत आणि ब्लूज (ज्यातून रॉक निघालं ते अमेरिकेतलं संगीत) एकत्र करतात, त्यांना 2021 ला पद्मश्री, पॉप गायिका उषा उथुपना 2011 ला पद्मश्री आणि 2024 ला पद्मभूषण. आपल्या राज्यात तर नंदू भेंडे होऊन गेले, आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा, मराठी नाटकाच्या घरातला माणूस सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होता. 2014 ला गेले. आमच्या क्लासला येणाऱ्या पोरांना परदेशी गिटारवाल्यांची नावं तोंडपाठ, यांचं एकालाही माहीत नसतं. या पुरस्काराला त्यांचंच नाव द्या.

एक मात्र, परीक्षक नीट निवडा. अमेरिकेत संगीताचा ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्यांनी 1989 ला हार्ड रॉक आणि मेटल (रॉकचेच जास्त जोरकस प्रकार) यासाठी पहिल्यांदा पुरस्कार काढला, सगळ्यांना वाटत होतं मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार, आणि दिला कोणाला तर बासरी वाजवणाऱ्या गायकाच्या जेथ्रो टल या बँडला. टलवाले तर तिथं आलेही नव्हते, आपल्याला मिळणारच नाही म्हणून. लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले आणि मेटलचा मेटॅलिकाला मिळाला. तेव्हा आपल्या समितीत एक तरी ड्रमर नाहीतर साउंड इंजिनिअर घ्या, सगळेच गायनातले बुजुर्ग नकोत.

आणि हो, रॉकवाले जरा तऱ्हेवाईक असतात, मनावर घेऊ नका. बीटल्सना 1965 ला इंग्लंडच्या राणीचा एमबीई हा किताब मिळाला, त्यांच्यातल्या जॉन लेननने 1969 ला तो परत पाठवला, कारणं काय तर नायजेरिया-बियाफ्राच्या युद्धात ब्रिटनचा हात, व्हिएतनाममध्ये अमेरिकेला ब्रिटनचा पाठिंबा, आणि तिसरं म्हणजे त्याचं नवं गाणं चार्टवर घसरायलंय! इंग्लंडच्याच रॉक गायक डेव्हिड बोवीनं 2003 ला 'सर' ही पदवीच नाकारली. अमेरिकेचा गायक-गीतकार बॉब डिलनला 2016 चं साहित्याचं नोबेल दिलं तर तो समारंभाला फिरकलाच नाही, रॉक गायिका पॅटी स्मिथ जाऊन त्याचं गाणं गाऊन आली. आमच्यातलं कोणी पुरस्कार परत करणार नाही, समारंभाला तर तासभर आधी येऊन साउंड चेक मागतील.

तो समारंभही मुंबईतच कशाला? आमच्या मराठवाड्यात करा की एकदा, संभाजीनगरला तापडिया नाट्यमंदिर आहे, एकनाथ रंगमंदिर आहे. आणि वेरूळ-अजिंठा महोत्सवात बाहेरच्या मोठ्या नावांच्या आधी अर्धा तास इथल्या एका बँडला द्या. ड्रम किट आम्ही आणतो, तुम्ही फक्त लाइट जाणार नाही एवढं बघा.

जीआरची वाट बघायलोय.

आपला,
एक बेस वाजवणारा, लातूर