हझान (प्रार्थना चालवणारे) काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

शालोम.

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होण्यासाठीच्या परीक्षांपैकी अवेलुतची, म्हणजे सुतकाच्या नियमांची परीक्षा मी पास झालो. फोनवर सांगितलं, तर तुम्ही लगेच "पोरगी कशी आहे?" म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. इथे इस्राएलात लोदमधल्या आणि तिकडे अलिबाग-ठाण्यातल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू माणसांना कळायला हवं की तुम्ही काय केलंत.

शब्बाथ, मांस-दुधाचे नियम, लग्न, सुतक... रब्बीपीठाच्या, म्हणजे इस्राएलच्या मुख्य धर्मसंस्थेच्या, एकेका परीक्षेला महिनोन्‌महिने जातात. सकाळपासून कोलेलमध्ये, म्हणजे लग्न झालेल्या पुरुषांच्या धर्मपाठशाळेत, अभ्यासातल्या जोडीदारासोबत शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथातल्या एकेका कलमावर वाद. संध्याकाळी प्रार्थनालयात बार मित्स्वाच्या (तेराव्या वर्षीच्या धर्मविधीच्या) मुलांचे पाठ, मिनयानला, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, दहावा माणूस मिळेना की फोन, कुणी आजारी असलं की हॉस्पिटल. कोलेलच्या मानधनात घर चालत नाही, त्यामुळे नर्स असलेल्या माझ्या बायकोला रात्रपाळ्या घ्याव्या लागतात. मुलगी अजून लहान.

हे सगळं तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही माझं वेळापत्रक विचारलं नाहीत. थेट माझ्या बायकोला फोन केलात, तिच्या महिन्याच्या ड्युट्या वहीत उतरवून घेतल्यात आणि त्यांच्याभोवती माझी प्रार्थनालयातली कामं बसवलीत. ती रात्रपाळीला, त्या संध्याकाळी मुलांचे पाठ तुम्ही घ्यायचे, असं ठरवून टाकलंत. ऐंशी ओलांडल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनी, पुन्हा जिने चढायला लागलात. कमिटीत कुणी कुरकुरलं तर म्हणालात, "लेकराला जेवू घालणं हेही रब्बीचंच काम. शिकू दे त्याला."

तालमुद या प्राचीन धर्मग्रंथातली रव (गुरू) रेहुमींची गोष्टही तुम्हीच मला पुन्हा वाचायला लावलीत. रेहुमी बाबिलोनियातल्या माहोझा शहरात रावा नावाच्या गुरूंकडे शिकायचे आणि वर्षातून एकदा, योम किप्पुरच्या (प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या) आदल्या दिवशी घरी यायचे. एका वर्षी अभ्यासात असे बुडाले की गेलेच नाहीत. बायको वाट बघत राहिली, आता येतील, आता येतील. शेवटी तिच्या डोळ्यातून अश्रू ओघळला, आणि रेहुमी ज्या छपरावर बसले होते ते कोसळून त्यात ते गेले. कोलेलमध्ये आम्ही या पानांवर, शिकायला गेलेल्या माणसाने किती काळ घरापासून दूर राहावं, याचीच चर्चा केली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिचं नाव का नाही रे लिहिलं कुणी?" त्यानंतर माझ्या जोडीदारालाही मी हाच प्रश्न विचारला, आणि त्या दिवशीचा आमचा सगळा अभ्यास त्यावरच झाला.

सुतकाच्या घरी तुमच्यासोबत बसलो, तेही मोठं शिक्षण. शोक करणारा बोलल्याशिवाय भेटायला आलेल्याने बोलू नये, हे कलम मला पाठ होतं. पण ते पाळतात कसं, ते तुमच्याकडे बघून कळलं. तुम्ही खाली बसायचात, हात गुडघ्यांवर, आणि गप्प. मग एखादी आजी मराठीत सुरू करायची, नवऱ्याबद्दल, रेवदंड्याच्या घराबद्दल, आणि तुम्ही मराठीतच उत्तर द्यायचात. घाई कधीच नाही. परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला पुस्तकाचं पान आठवलं नाही, तुम्ही आठवलात.

मांस आणि दूध एकत्र न खाण्याच्या नियमांचंही तसंच. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस लिहितात की मांसात बदामाचं दूध घातलं तर बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत. मी तुम्हाला विचारलं, मग आपल्या मटणाच्या नारळाच्या रसाचं काय? तुम्ही म्हणालात, कोकणात कुणाला गैरसमज होणार? रस नारळाचाच, हे शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक. मग मला नंतरच्या काळातले भाष्यकार शोधायला पाठवलंत, आणि खरंच, जिथे असं दूध रोजच्या वापरातलं आहे तिथे चिंता नाही, असं म्हणणारे सापडले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

१९६४ मध्ये आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, तेव्हा तुम्ही वडिलांसोबत होतात. आपण पूर्ण ज्यू आहोत की नाही, याची चौकशी तेव्हा रब्बीपीठ करत होतं. आज मी त्याच रब्बीपीठाच्या परीक्षांना बसतोय. ही गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत आणि त्यावर भाषण दिलं नाहीत. यासाठीही आभार.

पुढची परीक्षा लग्नाच्या नियमांची आहे. ड्युट्यांचं नवं वेळापत्रक बायकोने तुम्हाला पाठवलंय. पण यावेळी सोमवारचे पाठ मी घेणार, तुम्ही डॉक्टरांकडे जायचं, हे तिने आणि मी मिळून ठरवलंय. शुक्रवारी संध्याकाळी काकूंना घेऊन जेवायला या. मटण नारळाच्या रसातलंच असेल.

तुमचा विद्यार्थी