मॅडम, नफा तिकिटांचा किती आणि रुपयाचा किती?

प्रति,
मा. केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

विषय: मीडिया कंपन्यांच्या नफ्याची फोड एका पानावर मिळण्याबाबत

मॅडम, स.न.वि.वि.

मी पुण्याचा. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये २७ वर्षं काढली, आता रिटायर आहे आणि दोन दुकानांचं जीएसटी बघतो, म्हणजे डेबिट-क्रेडिट कळतं. तरी परवा एका मोठ्या मीडिया कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन बसलो (नाव घेत नाही, माझे ४० शेअर आहेत) आणि अमृततुल्यवर मित्राने साधंच विचारलं, "काय रे, वाढला का नफा?" तर मला धड सांगता येईना. दुसरा चहा झाला तरी येईना.

घोळ तीन ठिकाणी आहे: भाडं, डॉलर आणि खरेदी. आधी भाडं घ्या. आप्पा बळवंत चौकातलं प्रभात टॉकीज इथे सगळ्यांना माहिती, जागा किब्यांची, चालवणारे वेगळे, २०१४ च्या शेवटी करार संपला आणि थिएटर मूळ मालकांकडे गेलं, पाटीवर परत किबे लक्ष्मी आलं. किती का वर्षं चालवा, भाड्याची जागा ती भाड्याचीच, दरमहा भाडं खर्ची टाकायचं आणि विषय संपला. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ (भाडेकरारांच्या हिशोबाचं भारतीय स्टँडर्ड) लागू झालं आणि आता मल्टिप्लेक्सवाल्याला पुढच्या सगळ्या वर्षांच्या ठरलेल्या भाड्याची आजची किंमत काढून एका बाजूला देणं आणि दुसऱ्या बाजूला 'वापरायचा हक्क' नावाची मालमत्ता दाखवावी लागते. समजा वर्षाला १० लाख भाडं, १० वर्षांचा करार, व्याजदर १० टक्के. देणं येतं साधारण ६१.४५ लाख. पहिल्या वर्षी घसारा ६.१४ आणि व्याजही ६.१४, म्हणजे भाडं दिलं १० लाख आणि खर्च दिसतो १२.२९ लाख. शेवटच्या वर्षी तोच खर्च ७.०५ वर येतो. दहा वर्षांची बेरीज एक कोटीच, पण थिएटरं नवी असतील तर नफा कमी दिसणार, जुनी झाली की आपोआप जास्त. आणि एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करायच्या आधीचा नफा? तो पहिल्या दिवसापासून वर्षाला १० लाखांनी वर, कारण भाडं ही ओळच गेली, तिच्या जागी आलेले घसारा आणि व्याज एबिटडाच्या खाली बसतात. एक पॉपकॉर्न जास्त विकला नाही हो.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, पूर्वी ही सगळी देणी कुठल्यातरी टीपेत दडून बसायची, ती बाहेर आली हे बरंच झालं. पण काही कंपन्या निकाल ११६ धरून आणि ११६ सोडून असे दोन्ही देतात, प्रेझेंटेशनमध्ये एक आकडा, ताळेबंदात दुसरा, बातमीत कुठला येईल ते नशीब.

आता डॉलर. चॅनलवाले सॅटेलाइटवरचा ट्रान्सपॉंडर (सिग्नल खाली पाठवणारं यंत्र) भाड्याने घेतात आणि तो करार डॉलरमध्ये असला की हे देणं दर तिमाहीला त्या दिवशीच्या दराने परत मोजायचं. एक कोटी डॉलरचं देणं असेल आणि डॉलर ८३ चा ८५ झाला तर दोन कोटींचा तोटा सरळ नफा-तोटा पत्रकात. दुसऱ्या बाजूची मालमत्ता मात्र जुन्याच दराने बसलेली, ती हलत नाही. सॅटेलाइट तिथेच, कार्यक्रम तेच, फक्त रुपया घसरला. परदेशातल्या उपकंपनीचं अजून वेगळं, तिच्या आकड्यांचं रुपयात भाषांतर करताना पडलेला फरक नफ्यात न येता एका राखीव खात्यात जाऊन बसतो आणि ती कंपनी विकली की मग एकदम नफ्यात उगवतो. म्हणजे रुपयाचा एक फरक इथे, दुसरा तिथे, आणि वाचणारा मध्ये लटकलेला.

आणि खरेदी. दुसरी कंपनी ५०० कोटींना घेतली, ब्रँड, कंत्राटं, कार्यक्रमांचे हक्क सगळं मोजून ३०० भरले तर उरलेले २०० म्हणजे गुडविल. याला घसारा नाही, दर वर्षी फक्त तपासायचं की अजून तेवढ्या किमतीचं आहे का, नसेल तर तेवढं उडवून तोटा दाखवायचा, आणि तपासणीतले अंदाज कंपनीचेच. बरी वर्षं असतात तोवर कोणी बोलत नाही. डिस्नेने मार्च २०१९ मध्ये फॉक्स सुमारे ७१ अब्ज डॉलरला घेतली, त्यात आपली स्टार इंडिया आली, आणि २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि तिकडची टीव्ही चॅनलं मिळून दोन अब्ज डॉलरहून जास्त गुडविल एका तिमाहीत उडवलं. एओएल आणि टाइम वॉर्नर मिळून झालेल्या कंपनीचा २००२ चा तोटा तर जवळपास ९९ अब्ज डॉलरचा होता, बहुतेक सगळा गुडविलचा. एक होण्याचा निर्णय चुकला होता दोन वर्षं आधी, पुस्तकात उमटला नंतर.

मॅडम, हे दिल्लीला लिहितोय कारण हे स्टँडर्ड शेवटी तुमच्याच मंत्रालयाच्या अधिसूचनेने लागू होतात आणि मंत्रालयाने मनात आणलं तर किती चपळाई होते ते आम्ही बघितलंय. रुपया पडला तेव्हा ३१ मार्च २००९ ला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, एएस ११ (परकीय चलनाच्या हिशोबाचं जुनं स्टँडर्ड) बदललं आणि लांब मुदतीच्या परकीय कर्जावरचा तोटा पुढे ढकलायची सोय झाली, ती मग वाढत वाढत कलम ४६अ म्हणून २०२० पर्यंत गेली. कोविडमध्ये थिएटरं बंद पडली तर २४ जुलै २०२० ला भाड्यातल्या सवलतीसाठी ११६ मध्ये सूट आली, तिचाही नंबर ४६अच निघाला, योगायोग. दोन्ही वेळा कंपन्या खरंच अडचणीत होत्या, मान्य. पण अडलेला भागधारकही असतो ना.

मागणी एवढीच आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये (ताळेबंद कसा मांडायचा ते जिथे ठरतं) एक पानाचा तक्ता सक्तीचा करा: मागच्या वर्षीचा नफा, यंदाचा नफा, आणि मधल्या फरकात धंद्यातून किती, नव्याने घेतलेल्या कंपनीमुळे किती, भाड्याच्या हिशोबामुळे किती, रुपयामुळे किती, गुडविल उडवल्यामुळे किती. ऑडिटरची सही त्यावर हवी, प्रेझेंटेशनसारखं बिनसहीचं नको. आयएफआरएस १८ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड जगात १ जानेवारी २०२७ पासून लागू होतंय, त्यात कंपनीने स्वतः बनवलेला 'अ‍ॅडजस्टेड' नफा बाहेर सांगितला तर तो मूळ आकड्याशी जुळवून टीपेत दाखवावा लागतो. आपल्याकडे त्याचा इंड एएस अवतार आणताना हा भाग कापू नका, नाहीतर नेहमीसारखं कंपन्यांची शिष्टमंडळं येतील आणि मुदतवाढ होईल.

हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर सांगा, मी त्या कंपनीचा असा तक्ता घरी वहीत करून बघितलाय. तीन संध्याकाळी गेल्या, टीपा शोधत पुढे-मागे पानं उलटून अंगठा दुखला, आणि शेवटी १४ कोटींचा फरक तरी जुळलाच नाही. कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं की माहिती वार्षिक अहवालात उपलब्ध आहे.

आपला,
एक ४० शेअरवाला, सदाशिव पेठ, पुणे ३०